ठेवायला दिलेल्या दोघी

भुरीचं वजन चौऱ्याऐंशी ग्रॅम भरलं तेव्हा तिला वाटलं, काटाच बिघडला असेल. तिने भुरीला बाहेर काढलं, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा तिला प्लॅस्टिकच्या वाडग्यात सोडलं. चौऱ्याऐंशीच. मागच्या रविवारी एकाहत्तर होतं. भुरी वाडग्याच्या काठावर पुढचे पाय टेकवून उभी राहिली, शेपटीचा झुबका एकदा आपटला आणि काळ्या मण्यांसारख्या डोळ्यांनी स्वयंपाकघराकडे बघत बसली. तिच्या दोन्ही कुशी फुगल्या होत्या, वरून बघितलं तर नासपतीच. वही उघडून तिने आकडा लिहिला, शेजारी तारीख लिहिली, आणि तारखेवर पेन थांबलं. एकोणीस. ही तारीख आपण आणखी कशासाठी तरी ध्यानात ठेवली होती, असं तिला वाटलं. कुणाचा वाढदिवस नाही, कुठलं बिल नाही. भुरीला हाताच्या ओंजळीत धरून ती उभी राहिली, त्या एवढ्याशा जिवाचं काळीज तिच्या तळव्यावर धडधडत होतं, आणि मग एकदम आठवलं. पाळी. गेल्या महिन्याच्या एकोणीसला यायला हवी होती. आली नाही हे तेव्हा लक्षात आलं होतं, येईल उद्या-परवा म्हणून सोडून दिलं होतं आणि मग चक्क विसरूनच गेली होती. महिना झाला. नवरा तिच्या मागे ओट्यापाशी चहा गाळत होता. "काय गं, किती भरलं?" त्याने विचारलं. "चौऱ्याऐंशी," ती म्हणाली, आणि आपला आवाज नेहमीसारखाच आला याचं तिला नवल वाटलं.

जर्बिल म्हणजे उंदराहून मोठा आणि घुशीहून खूपच लहान, झुबकेदार शेपटीचा प्राणी. दीड महिन्यापूर्वी तिलाही हे माहीत नव्हतं. ती ज्या इस्पितळात काम करते तिथल्या लिफ्टमध्ये प्राण्यांच्या निवाऱ्याचा कागद चिकटवलेला होता. एक भाडेकरू घर सोडून निघून गेला, मागे बंद खोलीत सदतीस जर्बिल राहिले, कायमची घरं मिळेपर्यंत कुणी सांभाळेल का. लिफ्ट सहा मजले चढेपर्यंत ती तो कागद वाचत राहिली होती. नवऱ्याला विचारलं तेव्हा तो हसला होता. "सदतीस?" "दोन फक्त. सहा-सात आठवडे." "मग हरकत काय. त्या खोलीत तरी दुसरं काय आहे." ती खोली म्हणजे घराची तिसरी, सर्वांत लहान खोली. कधी काळी तिला फिकट रंग दिला होता, मग दार लावून घेतलं होतं, मग हळूहळू तिथे नवऱ्याची करवत, रंधा, पेट्या येऊन पडल्या. तो लिफ्टची तपासणी करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींतल्या लिफ्टच्या विहिरीत उतरून दोर आणि ब्रेक बघतो, आणि घरी आला की लाकडाचं काहीतरी करत बसतो. निवाऱ्यातून काचेची मोठी पेटी आली, भुशाचं पोतं आलं, आणि त्या दोघी आल्या. एक मातकट, तिचं नाव भुरी पडलं, आणि एक काळी कुळकुळीत, ती काळीच. "सख्ख्या बहिणी आहेत," निवाऱ्याची बाई म्हणाली होती. तिचा घसा कायम बसलेला असायचा. "एकमेकींना सोडून झोपत नाहीत." ते खरं होतं. दोघी भुशात भुयार करून एकीच्या मानेवर दुसरीने हनुवटी टेकवून झोपायच्या, आणि नवरा दारात उभा राहून म्हणायचा, "बघ, आपल्यापेक्षा बऱ्या."

तिने निवाऱ्यात फोन लावला. बाईने सगळं ऐकून घेतलं आणि लांब उसासा टाकला. "अहो, सदतीस होते. शेपट्या उचलून बघत होतो, नर कुठला, मादी कुठली. चुकलं असेल एखादं. येऊन किती दिवस झाले तुमच्याकडे?" पाच आठवडे, ती म्हणाली. "यांचे दिवस चोवीस-पंचवीसच असतात. म्हणजे येतानाच गाभण असती तर आत्तापर्यंत मोकळी झाली असती. म्हणजे तुमची ती काळी नर निघणार. आजच वेगळं करा दोघांना. पिल्लं झाल्याझाल्या पुन्हा लागते ती. आमचे डॉक्टर या आठवड्यात नाहीत, पुढच्या गुरुवारीच येतील, तेव्हा घेऊन या." फोन ठेवून ती त्या खोलीत गेली. नवऱ्याने तिच्या सांगण्यावरून जुन्या खोक्याला जाळी ठोकून दिली आणि तिने काळीला शेपटीच्या बुडाशी धरून उचललं. काळीने काही केलं नाही. खोक्यात टेकवल्यावर मात्र ती कोपऱ्यात गेली आणि पुढच्या पायांनी तो कोपरा उकरायला लागली, खर्रखर्र, खर्रखर्र, एका लयीत. पेटीतल्या भुरीने मागचे पाय जमिनीवर बडवले. दोनदा, मग दोनदा. नवरा म्हणाला, "आपल्याला चकवलं की दोघांनी. बहिणी म्हणून राहिले आणि बघ." मग जरा वेळाने, "मघाशी तू पोटुशी म्हणालीस. प्राण्याला पोटुशी नाही म्हणत. गाभण म्हणतात." "काहीही म्हण," ती म्हणाली.

त्रेचाळीस वर्षं वय. तिने हिशेब केला नाही, आकडा नुसता समोर येऊन उभा राहिला. सहा वर्षं उपचार झाले होते. सकाळी रिकाम्या पोटी सुया, भिंतीवर गुटगुटीत बाळांची चित्रं लावलेल्या खोल्या, खुर्च्यांवर एकमेकींकडे न बघणाऱ्या बायका. तीनदा काहीच झालं नाही. चौथ्यांदा अकरा आठवडे झाले. बाराव्या आठवड्याच्या सोमवारी होतं ते नाहीसं झालं. त्यानंतर महिन्याभराने एका संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला होता, "पुरे आता." एवढंच. तिने ताटातून वर बघितलं नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं आणि त्याच क्षणी त्या माणसाबद्दल काहीतरी कायमचं थिजलंही होतं, आणि या दोन्ही गोष्टी ती चार वर्षं शेजारी शेजारी ठेवून जगत आली होती. वाईट जगली असंही नाही. ते सिनेमाला जात, भांडत, एकमेकांच्या आयांना फोन करत. धाकट्या बहिणीला दुसरी मुलगी झाली तेव्हा दोघं मिळून पाळणा घेऊन गेले होते आणि परत येताना गाडीत गाणी लावली होती. आणि आता, ध्यानीमनी नसताना, मागे वळून कुठलीशी एक रविवारची दुपार शोधायची, की तेव्हाच असेल का. तिला ती दुपार सापडली. पडदा अर्धा ओढलेला होता, आणि मधेच शेजारच्यांचा कुत्रा भुंकला म्हणून दोघं हसले होते.

सोमवारी ती कामावर गेली. तिचं काम कान तपासायचं. माणसाला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेबाहेर बसून एकेक आवाज हळू हळू करत जायचा. ऐकू आला की बटण दाबा. काही माणसं आवाज सोडलेलाच नसतानाही बटण दाबतात. खोटं बोलत नाहीत ती. कान टवकारून बसलं की ऐकू येतंच काहीतरी. तिने वीस वर्षांत अशी शेकडो माणसं बघितली होती, आणि त्यांना ती न रागावता म्हणायची, "आजोबा, घाई नको. नक्की ऐकू आला तरच." दुपारी वरच्या मजल्यावर जाऊन नुकत्याच जन्मलेल्या मुलांचे कान तपासायचे. मूल झोपलेलं असावं लागतं. कानात मऊ रबरी बूच बसवायचं आणि थांबायचं, तेवढ्या वेळात आई विचारते, ऐकू येतंय ना हो त्याला? उपचारांच्या सहा वर्षांतही तिने हे काम एक दिवस चुकवलं नव्हतं. बाकीच्या तिची कीव करायच्या, ते तिला कळायचं, आणि ती मुद्दाम आणखी एक मूल घ्यायची तपासायला. त्या सोमवारी तिसऱ्या मुलाच्या वेळी तिचा हात थबकला. मुलाने झोपेत ओठ हलवले. तिच्या पोटात ढवळून आलं आणि तिने स्वतःला विचारलं, ही मळमळ की भीती? भीती असेल तर कशाची, असण्याची की नसण्याची? मुलाची आई म्हणाली, "काय झालं? ऐकू येत नाही का?" "येतं," ती घाईने म्हणाली. "छान येतं."

नवऱ्याला सांगायचं नाही असं तिने ठरवलं नव्हतं. फक्त आज नको, उद्या बघू, असं म्हणत बुधवार आला. बुधवारी घरी आली तर लहान खोलीतून रंध्याचा आवाज येत होता. तो जमिनीवर बसला होता, केसांत लाकडाच्या साली, पुढ्यात वीतभर लांबीचं घर. खरंखुरं घर. उतरतं छप्पर, गोल दार, दाराच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या. "बाळंतिणीला खोली नको का?" तो म्हणाला. "खिळा एकही नाही. कुरतडतात ना, तोंडाला लागायला नको. सगळ्या खाचा बसवल्यात. किती होतात गं एका वेळी?" "चार. सहासुद्धा." "सहा!" त्याने घर उचलून आत डोकावलं. "मग थोडं लहानच झालं की. मागून आणखी एक खण काढतो." ती दारात उभी राहिली. चार वर्षांपूर्वी पुरे म्हणणारा हा माणूस. त्याचा अंगठा गोल दाराच्या आतल्या कडेवरून फिरत होता, कुठे कुसळ राहिलंय का बघत. तिला वाटलं पुढे व्हावं आणि त्याच्या केसांतली साल काढावी. तिला असंही वाटलं की ते घर पायाखाली चिरडावं. काळी खोक्यात खर्रखर्र उकरत होती. तीन दिवस तिने दुसरं काही केलंच नव्हतं. नाकाच्या शेंड्यावरचे केस जाऊन तिथे लाल झालं होतं. "याला सोडूया का जरा वेळ तिच्याजवळ?" त्याने विचारलं. "नको. बाई नको म्हणाली." "बाप आहे शेवटी," तो म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला. जेवताना त्याने पुन्हा विचारलं, पिल्लांचे डोळे कधी उघडतात. ती म्हणाली, माहीत नाही. खरं म्हणजे तिने वाचलं होतं.

शुक्रवारी कामावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहात कडी लावून तिने चाचणी केली. पट्टी चार दिवस पर्समध्ये, चष्म्याच्या घरात होती. एक रेघ ठळक उमटली. दुसरी उमटली नाही. मग तिने पट्टी खिडकीकडे धरली आणि वाटलं, आहे, असावी, पांढऱ्यावर जरा जास्त पांढरी अशी काहीतरी आहे. पट्टी तिरकी केली की दिसायची, सरळ केली की जायची. बाहेर कुणीतरी दार ठोठावलं. ती तशीच उभी राहिली, आणि तिला कळलं की आपण ती रेघ शोधतोय. पाच दिवस ती नकोनको म्हणत होती. या वयात, पुन्हा त्या खुर्च्या, पुन्हा ते अकरा आठवडे मोजणं, झालं तर ते वीस वर्षांचं होईल तेव्हा आपण चौसष्ट, नको रे बाबा. आणि आता ती उजेडाकडे पट्टी धरून, डोळे बारीक करून, एक रेघ मागत होती. तिला स्वतःची लाज वाटली. तिने पट्टी कागदात गुंडाळून टाकून दिली, हात धुतले, आणि त्याच दुपारी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. मिळाली ती पुढच्या गुरुवारची. गुरुवारी भुरीचीही तारीख होती. "मला सुट्टी नाही मिळणार," तिने नवऱ्याला सांगितलं. "तू नेशील दोघांना?" "नेतो की," तो म्हणाला. "मीच घेतो सुट्टी. म्हटलं तर बाळंतपणाची." मधले सहा दिवस ती कुणाच्या लक्षात येणार नाही इतपत जपून चालली, पायऱ्या सावकाश उतरली, जड पिशव्या उचलल्या नाहीत. एकदा रस्ता ओलांडताना तिने पोटावर पर्स धरली. सहाच दिवस, पण ते तिचे एकटीचे होते. त्यात नवऱ्याला घ्यायचं नाही, त्याच्या तोंडून कुठलाच शब्द निघायला नको, ना आनंदाचा ना दुसरा, एवढं मात्र तिने त्या दिवसांत ठरवून टाकलं.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात तिच्या आधी चौघी होत्या. फोन वाजला तेव्हा तिसरी आत गेली होती. निवाऱ्याची बाई. "तुमचे मिस्टर आत्ताच गेले," बसक्या आवाजात ती म्हणाली. "ती गाभण नाहीये हो. गाठी आहेत, दोन्ही बाजूंना, पाण्याने भरलेल्या. यांच्यात होतं असं. डॉक्टर म्हणाले फार तर महिना, दोन महिने. आणि काळी नर नाही, मादीच आहे. आमचं पहिलंच बरोबर होतं." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मिस्टरांना फार लागलं ते. लगेच उचलून निघाले. मी दुसऱ्या फोनवर होते, त्यांना सांगायचं राहिलं. दोघींना एकदम एकत्र सोडू नका. अकरा दिवस वेगळ्या होत्या, वास विसरल्या असतील. बहीण असली तरी परकी समजून मारतात, जिवानिशी मारतात. मधे जाळी लावा, रोज जागा बदला, आठवडाभर. त्यांचा नंबर नाही माझ्याकडे. सांगाल ना लगेच?" "सांगते," ती म्हणाली. तेवढ्यात आतून तिला हाक आली.

टेबलावर थंड जेल, काळा पडदा, पडद्यावर करडं करडं काही. डॉक्टरीण तिच्याहून दहा वर्षांनी लहान असेल. तिने बराच वेळ यंत्र फिरवलं, मग कागदाचे दोन तुकडे हातात दिले, पुसून घ्या म्हणाली. "गर्भ नाहीये. लघवीच्या तपासणीतही काही नाही. पाळी जायची सुरुवात आहे ही, थोडी लवकर, पण होतं. घाबरला होतात ना?" "हो," ती म्हणाली. "आता बरं वाटलं?" "हो." बाहेर येऊन ती एका बाकावर बसली. फोन हातातच होता. नवऱ्याला फोन करायचा होता, हे तिला पूर्ण आठवत होतं. ती विसरली असं नंतर कधी तिला म्हणता आलं नाही. पण फोन केला असता तर त्याने विचारलं असतं, कुठे आहेस, मागे कसला आवाज येतोय, तुझा आवाज असा का. आणि ती बोलली असती तर त्याच दमात सगळंच बाहेर आलं असतं. घरी जाऊन सांगू, तिने म्हटलं. तासाभरात काय होतंय. मग ती तासभर बसली. मग आणखी एक तास. समोरून एक माणूस पाठीवर भलं मोठं काचेचं तावदान घेऊन गेला आणि ती त्याच्याकडे तो वळेपर्यंत बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं नाही. नसलेल्या गोष्टीसाठी कसं रडायचं, हे तिला समजत नव्हतं. अकरा आठवड्यांच्या वेळी रडायला काहीतरी होतं.

घराचं दार उघडंच होतं. लहान खोलीत नवरा भिंतीला पाठ टेकून बसला होता. काचेच्या पेटीत लाकडी घर नीट मधोमध ठेवलेलं, आणि घराच्या दारापाशी भुरी एका कुशीवर पडलेली. मान आणि शेपटीचं बूड फाटलं होतं. काळी खोक्यात परत टाकलेली होती आणि अंग चाटून साफ करत होती. त्याच्या उजव्या हाताभोवती टॉवेल होता, टॉवेल लाल झाला होता. "दोघी बहिणीच निघाल्या," तो म्हणाला. "गाभण नव्हती. गाठी होत्या. म्हटलं राहिलेत ते दिवस तरी एकत्र काढू देत. पहिली पाच मिनिटं हुंगत होत्या. मग एकदम गोळा झाला, कळेना कोण कुठली. हात घातला मधे. सुटेचनात." त्याने काळीकडे बघितलं. "मला काय माहीत असं करतात. कुणी बोललं नाही."

"मला बोलली होती ती बाई," ती म्हणाली. "सकाळी. फोन आला होता."

त्याने वर बघितलं. "सकाळी कधी?"

"अकराला. तू निघालास तेव्हाच."

"मग?"

आता काहीही सांगता आलं असतं. काम होतं, फोन बंद पडला, गडबडीत राहिलं. तो मानला असता, तो मानणारा माणूस आहे. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, लाकडाचा भुसा तळव्यांना टोचला. "मी कामावर नव्हते. डॉक्टरकडे होते. मला वाटलं होतं दिवस गेलेत. नाहीयेत. पाळी जायला लागलीय माझी." तिने ते तीन-चार वाक्यांत सांगितलं, आणि सांगून झाल्यावर खोली होती तशीच राहिली. त्याला ते समजायला वेळ लागत होता, जणू तो प्रत्येक शब्द वेगळा घेऊन बघत होता. "कधीपासून वाटत होतं?" त्याने विचारलं. "तिचं वजन केलं तेव्हापासून. अकरा दिवस." "अकरा दिवस," तो म्हणाला. "अकरा दिवस मी हे घर करत बसलोय, आणि तू दारात उभी राहून बघतेयस." ती म्हणाली, "तू पुन्हा पुरे म्हणशील असं वाटलं." त्याने पेटीतल्या लाकडी घराकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "त्या डॉक्टरला नक्की माहितीय का? म्हणजे पुन्हा एकदा बघता येतं ना? दुसरीकडे?" तिने मान हलवली. येत नाही, नक्की आहे. त्याच्या तोंडून असा प्रश्न येईल ही गोष्ट तिने अकरा दिवसांत एकदाही मनात आणली नव्हती. तो दुसऱ्या हाताने टॉवेल घट्ट दाबून धरत होता, आणि आपण या माणसाला चार वर्षं कुठल्या एका शब्दावरून ओळखत आलो, ते तिला त्या भुशात बसल्या बसल्या कळलं. कळून उपयोग नव्हता.

इंजेक्शन घ्यायला हवं होतं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत ते चालत गेले, तो दोन पावलं पुढे. परिचारिकेने टॉवेल सोडला, बोटाच्या पेराशी आरपार गेलेली जखम बघितली, धुतली, टाका नको म्हणाली. "काय चावलं?" "जर्बिल," तो म्हणाला. "घरचं?" "नाही. ठेवायला दिलेलं होतं." परिचारिकेने लिहून घेतलं आणि ती सुई भरायला वळली. "डावी बाही वर करा." उजव्या हाताला पट्टी होती. त्याने पट्टीतून बाहेर राहिलेल्या दोन बोटांनी डाव्या मनगटावरचं बटण धरलं, ते निसटलं. पुन्हा धरलं. ती शेजारीच उभी होती आणि तो तिच्याकडे बघत नव्हता. परिचारिका सुई वर धरून थांबली. तिसऱ्यांदाही बटण निघालं नाही तेव्हा त्याने हात बाजूला पुढे केला, तिथे जे कोणी उभं असेल त्याच्यासाठी करावा तसा, न बघता. तिने बटण काढलं आणि बाही दुमडून कोपराच्या वर नेली.